आधी तेल, मग कुंकू

अमेरिकेत, आमच्या ह्या कॅरीत ऑक्टोबर लागला की जो तो झाडांकडे बोट दाखवतो. काकू, ते लाल बघा, हे केशरी बघा. बघते मी. छान असतात. पण मला त्या दिवसांत रंगाच्या आधी वास येतो. पोलादाचा, बंदुकीच्या तेलाचा, आणि नळी साफ करायचा एक द्राव असतो, नाकात झिणझिण्या आणणारा, त्याचा. घरात तसलं काही उघडं नसलं तरी येतो. भाताचा कुकर उघडावा, वाफ यावी, आणि त्या वाफेच्या मागून हा. सून म्हणते, "आई, तुमचा भास आहे तो." असेल. पण भाससुद्धा कुठून तरी येतोच की.

आज सकाळी मागच्या अंगणात मेथी बघायला गेले तर वाफा अर्धा खाल्लेला. हरणं येऊन गेली होती. चिखलात खूर उमटलेले, नाजूक, अंगठ्याएवढे. पलीकडे पाइनच्या सुया पडून सगळं तपकिरी झालेलं. तिथं उभी राहिले आणि आला वास. म्हटलं, आलं बाई, वर्ष फिरून आलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा शिरीष इथं सॉफ्टवेअरमध्ये आहे. वीस वर्षं झाली. नागरिकत्व घेतलं, घर घेतलं, आणि हे गेल्यावर मला कोल्हापुरातून इथं आणलं. गुणी आहे, माझा म्हणून नाही सांगत. तर त्या वर्षी उन्हाळा सरता सरता त्यानं जाहीर केलं की तो रायफल बांधणार. विकत घेणार नाही, बांधणार. एकेक भाग निवडून, आणून, जोडून. आणि नोव्हेंबरात हरणांचा हंगाम लागला की संदीपबरोबर रानात जाणार.

संदीप म्हणजे त्याच्या ऑफिसातला, नागपूरचा. पाच-सहा वर्षं शिकारीला जातो. मला काकू म्हणतो, डबा दिला तर धुऊन परत आणतो. पोरगं वाईट नाही.

मी विचारलं, "बांधायची कशाला? काय कमी पडलं?"

शिरीष म्हणाला, "आई, मी दिवसभर काम करतो आणि संध्याकाळी हातात घेऊन दाखवावं असं काही नसतं गं. बाबा घरी यायचे तेव्हा खिशात एखादा जॉब असायचा. हे बघ, आज हे केलं."

हे उद्यमनगरात टर्नर होते. लेथवर जन्म गेला. खिशातून खरंच काहीतरी काढायचे, बुश म्हणा, पिन म्हणा, आणि माझ्या तळहातावर ठेवायचे. गरम असायचं अजून. पोरानं बापाचं नाव काढलं आणि मी गप्प बसले. तिथंच चुकलं.

मग सुरू झालं ते ॲक्शनपुराण. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, कारण मला ते तीन महिने जेवणाबरोबर खावं लागलंय. ॲक्शन म्हणजे बंदुकीचं काळीज. पोलादाची वीतभर लांब पोकळ कांडी. पुढून तिच्यात नळी आट्यांवर फिरवून बसवतात, खालून दस्ता आणि चाप, आणि तिच्या पोटात बोल्ट मागे-पुढे सरकतो, काडतूस आत ढकलायला आणि रिकामं बाहेर काढायला. ही ॲक्शन दोन प्रकारची मिळते. एक फॅक्टरीची, हजारांनी निघालेली, सगळ्या सारख्या. आणि दुसरी कस्टम, म्हणजे लहानशा वर्कशॉपमध्ये केसभर फरक न ठेवता केलेली. कुठली घ्यायची? एवढाच प्रश्न. एवढ्या प्रश्नावर ह्या दोघांनी सप्टेंबर महिना काढला.

माझ्या जेवणाच्या टेबलावर काढला, हे महत्त्वाचं. वरणाचं भांडं बाजूला सरकवून तिथं लॅपटॉप. त्यात एकेक दाढीवाले बाप्ये बोल्ट मागे ओढून, पुढे ढकलून दाखवतायत. खट्. सर्रर्र. खट्. आणि डोळे मिटून मान डोलावतायत, गाणं ऐकल्यासारखी.

"फॅक्टरीची घेतली तर पार्ट्स कुठेही मिळतात यार," शिरीष म्हणायचा. "काही झालं तर कंपनी बघेल."

"आणि मग ती सरळ करून घ्यायला गनस्मिथकडे देशील. तोंड घास, आटे परत काप, बोल्ट नीट बसव. त्या खर्चात कस्टम येऊन राहिली ना बे."

"कस्टम फार टाइट असते म्हणतात. धूळ गेली की अडकते."

"तू काय वाळवंटात लढाईला चालला का?"

सून मुग्धा पोळीचा घास हातात धरून म्हणायची, "मला बघायला आला होतास तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणालास."

"तेव्हा वाचायला रिव्ह्यू नव्हते," शिरीष म्हणायचा, आणि दोघं खो खो हसायचे. मीसुद्धा हसायची. खोटं कशाला सांगू.

पण आतून किळस यायची. कशाची, ते मला नीट सांगता यायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी सोवळी आहे. मी काही माळकरी नाही. कोल्हापूरची आहे. रविवारी मटणाच्या दुकानात उभं राहून "मांडीचं दे, नळी घाल" सांगणारी आहे. रक्त बघून मला चक्कर येत नाही. आमच्या पेठेतला खाटीक होता, बोकडाच्या मानेवर हात ठेवायचा, तोंडातल्या तोंडात काही म्हणायचा आणि काम उरकायचा. सुरी धुऊन खुंटीला. सुरीचे लाड मी त्याला कधी करताना पाहिलं नाही. सुरीबद्दल तो तासन्‌तास लाडात येऊन बोलला असता तर मी त्याच्याकडून मटण घेतलं नसतं. ह्या टेबलावर तेच चाललं होतं. बोल्ट कसा, तर म्हणे बटरसारखा. लोणी! मारायच्या वस्तूला खाण्याचे शब्द. आणि ज्याला मारायचं त्याच्याबद्दल तीन महिन्यांत एक अक्षर नाही. हरीण हा शब्द त्या टेबलावर मी ऐकलाच नाही म्हटलं तरी चालेल.

संदीप एकदा मित्राकडची एक ॲक्शन घेऊन आला, शिरीषला दाखवायला. मी ताटं उचलत होते.

"काकू, एकदा ओढून तर बघा."

"मला नको ते."

"काहून काकू? चावते का ती?"

ओढली. काय सांगू, हाताला कळतं हो. चाळीस वर्षं मी ब्लाऊज शिवले. मशीनचं चाक हलकं फिरतंय की कुठं अडतंय, हे मला कानानं नाही, बोटांनी कळतं. तो बोल्ट मागे आला तो कुठंही न थटता, पाण्यातून हात फिरवल्यासारखा. "आहा" असं निघालं माझ्या तोंडातून. त्या दोघांनी टाळी दिली एकमेकांना. मी नळाखाली जाऊन साबणानं हात धुतला, तरी बोटांतलं ते गुळगुळीतपण जाईना. खरी शिसारी आली ती तेव्हा, आणि ती त्यांची नव्हती, माझी स्वतःची होती.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण माझी जीभ. एका रविवारी पुन्हा तेच, फॅक्टरी की कस्टम, फॅक्टरी की कस्टम. मी वाटाणे सोलत होते. कंटाळून म्हणाले, "अरे, रेडिमेड ब्लाऊज आणायचा, मग मुंढा उसवायचा, बाही आत घ्यायची, टक्स बदलायचे, आणि एवढं करून तो रेडिमेडच दिसतो. मी बायकांना सांगायची, ताई, उसवायला जितका वेळ तितक्यात मापाचा नवा होतो. आणि मापाचा घट्ट वाटत असेल तर तो तुमचाच आहे म्हणून."

शिरीष माझ्याकडे बघतच राहिला. "संदीप, ऐकलंस? झालं. कस्टम."

दुसऱ्या दिवशी ऑर्डर गेली. महिनाभर रिव्ह्यू वाचून जे ठरेना ते मी वाटाणे सोलता सोलता ठरवून दिलं. हुशारी दाखवायची हौस, दुसरं काय. सातवी शिकलेल्या बाईला कुणी "ऐकलंस?" म्हटलं की ती कशावरही मत देते.

ती ॲक्शन घरी येत नाही, दुकानात येते. तिथं जाऊन घ्यावी लागते. शनिवारी आम्ही देशी दुकानात निघालोच होतो, नवरात्राचं सामान आणायला, तर शिरीष म्हणाला वाटेत पाच मिनिटं थांबू. गावाबाहेर पत्र्याच्या छताची एक बैठी इमारत. आत गेले आणि वर बघितलं. भिंतभर हरणांची मुंडकी. काचेचे डोळे. एकाच्या शिंगाला कुणी गंमत म्हणून लाल टोपी अडकवलेली. खाली काउंटरवर वाडग्यात पेपरमिंटच्या गोळ्या, आलेल्या माणसांनी घ्याव्यात म्हणून. त्या गोळ्यांचा वास आणि तो तेलाचा वास एकत्र. मी पदर नाकाला लावला.

दुकानदार म्हातारा होता, माझ्याच वयाचा असेल. फार अदबशीर. मला खुर्ची दिली. शिरीष एक लांबलचक फॉर्म भरत होता. म्हाताऱ्यानं एक खोका उघडून पुढे ठेवला, त्यात ती पोलादाची कांडी. नुसती. पांढरी, उघडी. शिरीष मागे एकदा म्हणाला होता की नळी बसल्यावर सगळ्याला एकदम काळा मुलामा देणार, तोवर ती अशीच. मला वाटलं, एवढ्याशा लोखंडाला एवढा फॉर्म? माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी विचारलं, "बंदूक कुठंय?"

म्हाताऱ्यानं खोक्यावर बोट टेकवलं. "हीच बंदूक, मॅम. नंबर हिच्यावर असतो. बाकी सगळं नुसतं सामान."

शिरीषनं मान वर केली नाही. लिहीत राहिला.

देशी दुकानात मी झेंडूची फुलं निवडत बसले, एकेक.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. यांच्या वर्कशॉपमध्ये सगळी मशीनं बंद व्हायची, झाडलोट, रांगोळी, लेथला झेंडूची माळ. घरची मंडळी जायची, शिरीष असायचाच, पेढ्यांसाठी. घरात माझं मशीन, कात्री, विळी. हे गेल्यावर पहिल्या नवमीला मी मागे सरकून उभी राहिले होते. आमच्या जावेनं तबक माझ्या हातातून अलगद काढून घेतलं होतं, "राहू द्या ताई, मी करते." शिरीष तेव्हा सुट्टी काढून गावी आलेला. सगळ्यांच्या देखत त्यानं ते तबक जावेच्या हातातून घेतलं आणि माझ्या हातात ठेवलं. "मशीन आईचं आहे. कुंकू आईच लावेल." मी लावलं. तेव्हापासून दर नवमीला, इथं आल्यावरसुद्धा, हत्यारांना कुंकू माझ्या हातचं. कुणी घरी आलं तर तो मुद्दाम सांगतो, आमच्याकडे पूजा आई करते.

तर त्या वर्षी नवमीला पाट मांडला. माझं मशीन, मुग्धाचा लॅपटॉप, भाजीची सुरी, शिरीषचे पाने. आणि शेवटी शिरीषनं ती ॲक्शन आणली आणि मधोमध ठेवली.

मी म्हटलं, "ही नको."

"आई, हत्यारांचाच दिवस आहे ना."

"बंदुकीला मी कुंकू लावणार नाही."

"अजून बंदूक नाहीच गं ती." तो पाटाशी गुडघे टेकून बसला होता, माझ्याकडे न बघता तिची जागा सरळ करत होता. "नळी नाही, चाप नाही, काही नाही. नुसतं पोलाद आहे. बाबांच्या लेथवरच्या जॉबसारखं."

ते ऐकलं आणि माझं मस्तक फिरलं. खोटं बोलला म्हणून नाही इतकं. पोरं आईशी खोटं बोलतात, आईही बोलते. पण त्या दुकानात मी समोर बसलेली असताना त्या म्हाताऱ्यानं सांगितलेलं, आणि हा ते झाकायला बाप वापरतोय. यांच्या खिशातली गरम पिन माझ्या तळहातावर ठेवावी तसं ते पोलाद ठेवत होता. त्याला माझं कुंकू हवं होतं. माझा हात लागला की सगळं घरचं, सोज्वळ, देवघरातलं होऊन जाणार होतं. आणि मुग्धा कौतुकानं फोन धरून उभी, फोटो काढायला.

मी म्हणाले, "बरं. पण असली तेलकट वस्तू देवापुढे चालत नाही. आधी पुसून दे. स्वच्छ."

त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग उठला, स्पिरिटचा बोळा आणला आणि ती कांडी पुसून कोरडी ठणठणीत करून दिली.

आता खरं सांगते. हे आयुष्यभर उलटं करायचे. पूजेआधी तेल. बोटभर तेल चिंधीवर घेऊन लेथच्या अंगाला एक पातळ हात, मगच हळद, मगच कुंकू. म्हणायचे, "कुंकवात पाणी असतं, आणि पाणी म्हणजे पोलादाची वाळवी. देवाला तेलाचं वावडं नाही, गंजाचं आहे." माझ्या मशीनलाही तसंच, कात्रीलाही तसंच. चाळीस नवम्या मी तेच केलं. तेलकट वस्तू देवापुढे चालत नाही हे वाक्य माझ्या घरात कुणी कधी उच्चारलेलं नाही. ते मी तिथं उभ्या उभ्या तयार केलं.

हळद ओली कालवली, कुंकू ओलं कालवलं, आणि अनामिकेनं त्या उघड्या पोलादावर दाबून लावलं. वर पाण्यात भिजलेली झेंडूची फुलं ठेवली, भरपूर. फोटो छान आला.

दसऱ्याला पहाटे शिरीष ऑफिसच्या कामाला न्यूजर्सीला गेला, पाच दिवस. उत्तरपूजा मी केली. मशीन उचललं, लॅपटॉप उचलला, सुरी उचलली. मुग्धा म्हणाली, "आई, ती ॲक्शन पण कपाटात ठेवू का?"

"राहू दे. तो आला की तोच उचलेल."

आणि रोज सकाळी फुलं टवटवीत राहावीत म्हणून मी त्यांच्यावर पाणी शिंपडलं. पाचही दिवस. तोंडानं अथर्वशीर्ष चालू. आज लिहिताना हाताला घाम येतो, पण तेव्हा माझा हात अगदी स्थिर होता, शिवणीच्या वेळी असतो तसा.

शिरीष आला, तिथल्या आयसेलिनहून बाकरवडीचे दोन डबे घेऊन आला, माझ्यासाठी. हात-पाय धुतले आणि पाटाशी गेला. फुलं बाजूला केली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. खाली नारिंगी गंज. फुलांच्या कडांचे ओरखडे, आणि माथ्यावर एक ठळक ठिपका, बोटाच्या पेराएवढा. त्यानं अंगठा फिरवला. ठिपका गेला नाही.

"काय झालं रे?" मी विचारलं. विचारलं की नाही बघा, निलाजरेपणा!

"काही नाही. थोडं कुंकू बसलंय."

संध्याकाळी संदीप आला. "अबे, हे काय करून ठेवलं? गनस्मिथकडे टाक, दोन मिनिटांत घासून देईल. मुलामा चढला की पत्ता लागणार नाही."

"बाकीचे डाग घासतो," शिरीष म्हणाला. "तो ठिपका राहू दे. आईच्या हातचा आहे."

मी आत कणीक भिजवत होते. मुठी तशाच कणकेत राहिल्या. ज्या पोरानं चारचौघांत तबक हिसकावून घेऊन माझ्या हाताला कुंकू परत दिलं, त्याच हातानं, त्याच कुंकवानं मी हे केलं होतं. आणि तो त्याला आशीर्वाद समजून जपणार होता. इतके दिवस मला त्यांची किळस यायची, दाढीवाल्यांची, बटरची, मुंडक्यांची. त्या दिवसापासून ती किळस घरातल्या घरात राहायला आली. परक्याच्या किळसेपासून खोली बदलून सुटता येतं. हिच्यापासून नाही येत.

रायफल झाली. काळीभोर, चकचकीत, आणि माथ्यावर त्या गंजलेल्या ठिपक्याचा खड्डा, देवीच्या वणासारखा. नोव्हेंबरात एका शनिवारी दोघं पहाटे गेले आणि दुपारी फोन आला की मिळालं. संध्याकाळी शिरीष चार पिशव्या घेऊन घरात शिरला, दमलेला, गालावर मातीचा फराटा. दारातून म्हणाला, "आई, तांबडा रस्सा करशील?"

मी नाही म्हणू शकले असते. एरवी म्हटलंच असतं. पण त्या ठिपक्यानं माझी नाही म्हणायची पत घालवली होती. खोबरं भाजलं, कांदा भाजला, लसूण-आलं वाटलं, घरून आणलेली चटणी घातली. ते मांस गडद होतं, जवळजवळ जांभळं, आणि त्याला चरबी नव्हती. मी सवयीनं बोटानं दाबून बघत होते, कुठला तुकडा किती शिजेल. त्याही वर्षी मेथीचा वाफा ज्यांनी खाल्ला त्यांच्यातलंच असेल का ते, असं मनात आलं आणि मी चमचा खाली ठेवला. मग परत उचलला.

रस्सा फार चांगला झाला. संदीपनं तीनदा वाढून घेतला. "काकू, असा तर नागपुरात सावजीकडे पण नाही मिळत." मी पण जेवले. ताट चाटून पुसून जेवले. हेच तर. वाईट झाला असता, घशाखाली उतरला नसता, तर मला अजून स्वतःबद्दल काहीतरी बरं सांगता आलं असतं.

नंतरच्या दोन नवम्यांना शिरीषनं रायफल पाटावर आणली नाही. मी विचारलं नाही. ती गॅरेजमधल्या तिजोरीत असते. हंगामात तो जातो, कधी मिळतं, कधी हात हलवत येतो. घरात त्या ठिपक्याचा विषय निघत नाही. कुणी पाहुणा आला आणि रायफल दाखवायची वेळ आली तर शिरीष म्हणतो, "ही खूण आईची." पाहुणे माझ्याकडे बघून हसतात. मी चहा ठेवायला उठते. किती चहा केला असेल मी त्या ठिपक्यापायी.

आणि ह्या वर्षीची नवमी, गेल्या आठवड्यातली. पाट मांडला, रांगोळी काढली. मुग्धा फुलं आणायला गेली होती. मी मशीनच्या खणात तेलाची बाटली शोधत होते, ती सापडेना. बघते तर शिरीष पाटाशी बसलेला. मांडीवर ती रायफल, बोल्ट काढून बाजूला ठेवलेला. एका हातात चिंधी. दुसऱ्या हातात माझी बाटली.

"आधी तेल, मग कुंकू," तो म्हणाला. "बाबा असंच करायचे ना?"

माझ्या हातात तबक होतं. ते खाली ठेवायचंसुद्धा सुचेना. "तुला आठवतंय?"

"चिंधी माझ्याकडे असायची, आई. बाबा तेल ओतायचे, मी पुसायचो. तेवढ्यासाठी तर मला न्यायचे."

मला वाटत होतं, पेढ्यांसाठी जायचा.

म्हणजे त्या दिवशी, मी तेलकट चालत नाही म्हणाले तेव्हा, त्यानं माझ्याकडे बघितलं होतं ते. स्पिरिटचा बोळा आणायला उठला तेव्हा त्याला ठाऊक होतं. गाडी काढून न्यूजर्सीला निघाला तेव्हा ठाऊक होतं. मी पाच दिवस पाणी शिंपडलं ते सोडलं तर सगळंच.

"मग बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?" आवाजात राग नव्हता. चिंधी घडी करत होता. "त्या दुकानदारानं सांगितलेलं तू ऐकलंस, हे मला माहीत होतं. तरी मी नुसतं पोलाद म्हणालो. मग म्हटलं, फिटंफाट."

"आणि लोकांना खूण, खूण म्हणून दाखवतोस ते?"

"खूणच आहे की." त्यानं त्या खड्ड्यावर तेलाचा थेंब सोडला आणि अंगठ्यानं पसरवला, अगदी यांच्यासारखा, बाहेरून आत. मग रायफल पाटावर ठेवली. "आता पुसलेली नाहीये. तेल लावलंय. आता लावतेस का?"

मी अनामिका कुंकवात बुडवली. खरं सांगते, बुडवली. तीन वर्षांचं ओझं एका बोटानं उतरत होतं. पोरगं समोर बसलेलं, कानापाशी पिकलेले केस. लावून टाकावं, हसावं, रस्सा करावा. आणि तेवढ्यात तो वास आला, ह्या वेळी भास नाही, समोरून.

"नाही," मी म्हणाले. "ह्याला नाही लावणार मी. मला किळस येते ह्याची. तेव्हाही यायची."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. तू जा रानात, तुला मी अडवणार नाही. पण माझं कुंकू घेऊन नाही जायचं."

त्यानं बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "बरं." एवढंच. रायफल उचलली, बोल्ट उचलला आणि गॅरेजकडे गेला. दार लागल्याचा आवाज आला. मग तिजोरीचा.

परत आला तेव्हा माझं बोट तसंच वर धरलेलं, ओल्या कुंकवाचं. त्यानं काही न बोलता वाकून कपाळ पुढे केलं. मी लावलं. "ह्याला तेल नको?" तो म्हणाला. मी त्याच्या डोक्यात टपली मारली.

पूजा झाली. मशीनला तेल लावून कुंकू लावलं, कात्रीला लावलं, सुरीला लावलं. मग ती बाटली परत खणात ठेवायला गेले. रिळं, बॉबिन, हुकांची डबी, आणि त्यांच्या शेजारी बाटलीची जागा. झाकण घट्ट केलं, नाकापाशी नेलं. मशीनचं तेल, चाळीस वर्षांचं ओळखीचं. आणि तोच वास. अगदी तोच.

खण लावून घेतला. हात धुतले. काल ब्लाऊज शिवायला बसले तर सुईच्या प्रत्येक टाक्याबरोबर येत होता.